तारापूर: अणुभट्टीच्या शेजारचं गाव

बोईसर स्टेशनच्या पश्चिमेला बाहेर पडून रिक्षावाल्याला नुसतं ‘तारापूर’ सांगून भागत नाही. तो उलट विचारतो, ‘एमआयडीसी, टॅप्स की गाव?’ त्याचं विचारणं रास्त आहे. देशाच्या लेखी तारापूर म्हणजे भारतातलं पहिलं अणुविद्युत केंद्र, ‘टॅप्स’. रसायनांच्या आणि औषधांच्या धंद्यातल्या माणसांच्या लेखी तारापूर म्हणजे औद्योगिक वसाहत. या वसाहतीचे कारखाने मात्र बोईसर, सरावली, कुंभवली, कोलवडे, पास्थळ, सालवड, पामटेंभी या गावांच्या जमिनींवर उभे आहेत. अणुकेंद्र समुद्राकाठी अक्करपट्टी, पोफरण आणि घिवलीच्या अंगाला आहे. आणि ज्याचं नाव या दोघांनी घेतलं, ते गाव स्टेशनपासून दहाएक किलोमीटर पश्चिमेला खाडीच्या तोंडाशी वसलेलं आहे. किल्ला, बाजारपेठ, कोळीवाडा, वाड्या, अग्यारी असं सगळं असलेलं, २००१ च्या जनगणनेत जेमतेम सात हजार वस्तीचं गाव.

खाडीच्या उत्तर काठावर चिंचणी आहे. तारापूर पालघर तालुक्यात आणि चिंचणी डहाणू तालुक्यात, म्हणजे तालुक्यांची हद्द पाण्यातून जाते. लोकांच्या बोलण्यात मात्र ‘चिंचणी-तारापूर’ हे एकाच दमात येतं. सोयरीक, बाजार, शाळा सगळं एकमेकांत गुंतलेलं. चिंचणीतलं पी. एल. श्रॉफ महाविद्यालय चालवणाऱ्या संस्थेच्या नावातही दोन्ही गावं आहेत. या टापूतल्या कित्येक घरांत शिकून पदवी घेणारी पहिली पिढी त्याच महाविद्यालयातून बाहेर पडली. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला, त्याआधी जिल्ह्याच्या कामासाठी इथल्या माणसाला ठाणं गाठावं लागायचं. एका दाखल्यासाठी अख्खा दिवस जायचा. आता पालघर म्हणजे बोईसरहून दोन स्टेशनांवर.

इथला समुद्र तळकोकणातल्यासारखा खोल निळा नाही. खंबायतच्या आखाताकडे जावं तशी भरती-ओहोटीतली तफावत वाढत जाते, त्यामुळे ओहोटीला पाणी दूरवर मागे सरतं आणि काळा खडक, चिखल आणि वाळूचे लांबच लांब पट्टे उघडे पडतात. चिंचणीच्या किनाऱ्यावर सुरूची बनं आहेत. आत आलं की माड, ताड आणि शिंदी, त्यांच्या आड चिकू-आंब्याच्या वाड्या आणि मग भाताची खाचरं. पूर्वेकडे रेल्वे ओलांडली की जमीन चढू लागते आणि वारली पाडे सुरू होतात. म्हणजे समुद्र, बागायत, भात आणि जंगल हे चार वेगळे संसार तीस-चाळीस किलोमीटरांच्या पट्ट्यात लागोपाठ येतात. मांगेला, वैती, भंडारी, वाडवळ, आगरी, मल्हार कोळी, वारली, मुसलमान, गुजराती, पारशी अशा किती समाजांनी हा पट्टा वाटून घेतला आहे! बाजारात उभं राहिलं तर मराठीच्याच तीन-चार बोली कानावर पडतात आणि त्यांच्यामध्ये गुजराती सहज मिसळून जाते.

हा किनारा बाहेरच्या जगाला फार जुन्या काळापासून ठाऊक आहे. १९५० च्या दशकात चिंचणीला काही ताम्रपट मिळाले आणि दिनेशचंद्र सरकार यांनी ते वाचून प्रसिद्ध केले. त्यातला इसवी सन ९२६ चा ताम्रपट वाचताना आजही माणूस थबकतो. राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळात संजाणच्या मंडळावर महंमद नावाचा एक ताजिक, म्हणजे अरब, अधिकारी कारभार पाहत होता. त्याने लोकांना नदी पार करण्यासाठी फुकट नावेची सोय केली आणि एक अन्नसत्र घातलं. तिथे भात, कालवण आणि तूप वाढलं जाई. एका देवीच्या मठासाठी जमीन दिल्याची नोंदही त्याच पत्र्यावर आहे. कानडी मुलखातला सम्राट, अरब अधिकारी, देवीचा मठ आणि नदीवरची नाव, हे सगळं संस्कृतात एका तांब्याच्या पत्र्यावर कोरलेलं आणि आजच्या पालघर जिल्ह्यातल्या गावात सापडलेलं. शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात या ताम्रपटाला एक परिच्छेद मिळायला हवा.

पुढे सोळाव्या शतकात पोर्तुगीज आले. १५३४ मध्ये वसई त्यांच्याकडे गेली, १५५९ मध्ये दमण. या दोन ठाण्यांच्या मधला किनारा राखायला त्यांनी छोट्या-मोठ्या गढ्यांची आणि किल्ल्यांची ओळच उभी केली. केळवे, माहीम, शिरगाव, तारापूर, डहाणू ही त्यातलीच ठाणी. दोनशे वर्षं हा कारभार चालला.

तो संपला चिमाजी अप्पांच्या मोहिमेत. वसईची लढाई सर्वांना माहीत असते, पण वसईकडे जाणारी वाट उत्तरेच्या या किल्ल्यांवरून मोकळी करावी लागली होती. जानेवारी १७३९ मध्ये माहीम, केळवे, शिरगाव, डहाणू एकामागून एक पडले. तारापूरने मात्र कडवी झुंज दिली. मराठ्यांनी सुरुंग लावून तटाला खिंडारं पाडली आणि आत उड्या घेतल्या. आतली शिबंदी शेवटपर्यंत लढली. बाजीरावांचा जिवलग सरदार बाजी भिवराव रेठरेकर तोंडात गोळी लागून इथेच पडला. वसई हाती आली ती त्यानंतर चार महिन्यांनी, मे महिन्यात.

आज हा किल्ला गावाच्या मधोमध उभा आहे आणि तो खाजगी मालकीचा आहे. मालकाची परवानगी घेऊन दारातून आत गेलं की तोफा-बुरुजांच्या जागी वाडी दिसते. चिकू, नारळ आणि आंबा, मध्ये विहीर, झाडांच्या मुळांशी पाटाचं पाणी. तटाचे दगड बऱ्यापैकी शाबूत आहेत, काही ठिकाणी वड-पिंपळाच्या मुळांनी ते उकलले आहेत. बाजी भिवराव इथे पडला हे आत शिरणाऱ्याला सांगणारा एखादा साधा फलक असावा, असं मात्र मनापासून वाटतं.

किल्ला खाजगी हातात गेला त्याची कथा गावाच्या दुसऱ्या मोठ्या अध्यायाशी जोडलेली आहे. तो अध्याय पारशांचा. इराणातून आलेले पारशी संजाणला उतरले, असं त्यांची परंपरा सांगते. पुढे संजाणवर संकट आलं तेव्हा त्यांनी आपला पवित्र अग्नी बहरोटच्या डोंगरातल्या गुहेत बारा वर्षं राखला. तो डोंगरही याच पालघर जिल्ह्यात, बोर्डीच्या मागे. तारापुरात पारशांची मोठी वस्ती झाली आणि कालांतराने तिथे विकाजी मेहेरजी नावाचा माणूस पुढे आला. जकातीचे मक्ते घेत त्याने पैसा उभा केला. तारापूरचा किल्ला त्याला इनाम मिळाला. गावातली अग्यारी त्यानेच बांधली.

एवढ्यावर तो थांबला नाही. विकाजी आणि त्याचा धाकटा भाऊ पेस्तनजी यांनी वऱ्हाडचा कापूस घाट उतरवून मुंबईला आणायला सुरुवात केली. रेल्वे यायला अजून एक पिढी जायची होती. बैलांच्या पाठीवरून, गाड्यांतून, नादुरुस्त रस्त्यांनी शेकडो मैल माल आणणं हे त्या काळी धाडसाचं काम होतं. पुढे या भावांची पेढी हैदराबादला गेली आणि निजाम सरकारला कर्ज देणारी सावकारी पेढी बनली. त्यांनी पाडलेल्या रुपयाला लोक ‘पेस्तनशाही’ म्हणत. निजामाकडे अडकलेली रक्कम मात्र वसूल झाली नाही आणि १८४० च्या दशकात पेढी बुडाली. सिकंदराबादेत १८४७ मध्ये सुरू झालेली या घराण्याची अग्यारी अजून आहे. तारापूरच्या गल्लीतून निघालेली माणसं किती लांब पोचली, याची ती खूण.

गावातली पारशी घरं पुढे मुंबईकडे सरकत गेली, पण जाताना गावाचं नाव आडनावात घेऊन गेली. तारापोर, तारापोरवाला ही आडनावं तिथली. मरीन ड्राइव्हवर १९५१ मध्ये सुरू झालेलं मत्स्यालय तारापोरवालांच्या देणगीतून झालं. १९६५ च्या युद्धात सियालकोट आघाडीवर पूना हॉर्सचं नेतृत्व करताना वीरमरण पत्करणारे आणि परमवीरचक्र मिळवणारे लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर हे आधी हैदराबाद संस्थानच्या सैन्यात होते, पण त्यांच्या घराण्याचं मूळ सांगताना बोट याच गावाकडे दाखवलं जातं. रुपयाच्या परिवर्तनीयतेवरच्या समितीमुळे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना माहीत असलेले रिझर्व्ह बँकेचे एस. एस. तारापोर याच आडनावाचे.

गावात राहिली ती समुद्रावर आणि वाडीवर जगणारी माणसं. त्यांचा दिवस घड्याळावर कमी आणि तिथीवर जास्त चालतो. भरतीची वेळ काढायचा कोकणातला जुना ठोकताळा इथेही लागू पडतो: तिथीला पाऊणपट करायचं. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, पौर्णिमेला सव्वाअकराच्या आसपास. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, म्हणजे पाण्याला ओढ जोराची. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा ओढ मंद. या ओढीवरच डोल जाळ्याची मासेमारी उभी आहे. समुद्राच्या तळाशी घट्ट खिळवलेल्या खांबांना मोठ्या पिशवीसारखं जाळं बांधायचं. पाणी वाहतं तसे बोंबील, जवळा, करंदी, मांदेली त्यात येत राहतात. होडीने तिथे जायचं ते जाळं सोडायला आणि उचलायला. खांब मारायच्या जागेला ‘कव’ म्हणतात आणि कवींचे हक्क पिढीजात चालत आलेले असतात. या हक्कांवरून पालघर-डहाणूचे मच्छीमार आणि वसई-उत्तनकडचे मच्छीमार यांच्यात वर्षानुवर्षं तंटा आहे. बाहेरच्या माणसाला समुद्र मोकळा वाटतो, कोळ्याला त्यातल्या जागा घराच्या उंबऱ्याइतक्या पक्क्या माहीत असतात.

मासळी किनाऱ्याला लागली की पुढचं सगळं बायकांच्या हाती. निवडणं, बर्फात घालणं, लिलाव, बाजार. आणि सुकवणं. पाऊस संपल्यापासून उन्हाळा सरेपर्यंत या किनाऱ्यावर बांबूच्या वलांडी उभ्या असतात. दोन ओल्या बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि ती जोडी दोरीवर टाकायची, एक अलीकडे, एक पलीकडे. हे काम बायका बोलता बोलता इतक्या झपाट्याने करतात की नजर मागे पडते. दोन-तीन दिवसांच्या कडक उन्हात चांदीच्या रंगाचा लिबलिबीत मासा पिवळट, काटक होतो. अवकाळी पावसाची एक सर आली की मात्र अख्खी वलांड वाया जाते. त्याची नुकसानभरपाई मिळवताना पंचनाम्यात काय लिहायचं, हा दरवेळचा प्रश्न. शेतातल्या पिकासाठी रकाना असतो, वलांडीवरच्या बोंबलासाठी तो शोधावा लागतो.

मे महिन्यात आगोटीची लगबग सुरू होते. पावसाळ्याचे चार महिने पुरेल असं सुकं, मीठ, मसाला, कांदे, चिंच, लाकूडफाटा भरून ठेवायचा, त्याला आगोट म्हणतात. बोईसरच्या बाजारात त्या दिवसांत सुक्या मासळीच्या टोपल्यांभोवती गर्दी असते. किनाऱ्यावरचे लोक विकायला बसलेले आणि पूर्वेच्या पाड्यांवरचे वारली, कारखान्यांतले कामगार, मुंबईहून खास आलेली गिऱ्हाइकं घ्यायला. जून-जुलैत शासनाची मासेमारीबंदी असते. होड्या ओढून घेतात, जाळी विणायला आणि दुरुस्त करायला बसतात. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला की नवा हंगाम.

दक्षिणेला सातपाटी हे या पट्ट्यातलं मोठं बंदर. तिथल्या मच्छीमारांच्या सहकारी संस्था राज्यात नावाजलेल्या आहेत आणि पापलेट ही त्यांची ओळख. २०२३ मध्ये रुपेरी पापलेटला महाराष्ट्राच्या राज्य माशाचा दर्जा मिळाला. त्यामागे सातपाटीकरांचा पाठपुरावा होता, कारण लहान पिल्लं धरली जाऊन पापलेट घटत चाललं आहे हे त्यांनाच आधी दिसलं.

वाड्यांमधलं जगणं वेगळ्या लयीचं. वाडवळ आणि भंडारी कुटुंबांच्या नारळ-चिकूच्या बागा, त्यात पालेभाज्या, केळी, कुठे फुलं. डहाणू-घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन आहे. वाणगावच्या बाजूला मिरची आणि ढोबळी मिरचीची शेती गेल्या काही दशकांत फार वाढली. थंडीत वाडवळांच्या अंगणात उकडहंडी लागते: कंद, शेंगा, भाज्या मसाला लावून मडक्यात भरायच्या आणि मडकं उपडं करून भोवती आग घालायची. वाडीतली मजुरी मोठ्या प्रमाणात आदिवासी बायका-पुरुषांवर चालते. पहाटे पूर्वेकडून येणाऱ्या गाड्यांत ही माणसं दाटीवाटीने उभी असतात आणि संध्याकाळी तशीच परततात. वाड्यांचं हिरवेपण त्यांच्या हातचं आहे.

आणखी एक धंदा बाहेर फारसा कोणाला ठाऊक नाही. चिंचणी आणि भोवतालच्या गावांत दागिन्यांचे डाय कोरतात. पोलादाच्या लहानशा ठोकळ्यावर छिन्नी-हातोडीने उलटी नक्षी खोदायची, फूल, पान, मोर, देवीचा टाक, आणि त्यावर पत्रा दाबून दागिना उठवायचा. खिडकीशी उजेडाला बसून, डोळ्याला भिंग लावून, केसाएवढी रेघ काढत एकेका ठोकळ्यावर दिवसचे दिवस जातात. मुंबईच्या झवेरी बाजारात चकाकणाऱ्या कितीतरी नक्ष्यांचा जन्म या पडव्यांत झालेला असतो. संगणकावर चालणारी यंत्रं आल्यापासून हातच्या कामाला उतार लागला आहे.

या सगळ्यावर १९६० च्या दशकात अणुकेंद्र येऊन उभं राहिलं. १९६३ मध्ये भारत आणि अमेरिका यांच्यात करार झाला, १९६४ मध्ये जनरल इलेक्ट्रिकला काम दिलं गेलं आणि २८ ऑक्टोबर १९६९ पासून दोन अणुभट्ट्यांची वीज व्यापारी तत्त्वावर मिळू लागली. १९ जानेवारी १९७० रोजी इंदिरा गांधींनी केंद्र राष्ट्राला अर्पण केलं. समुद्रकाठची जागा निवडण्याचं मोठं कारण पाणी: टर्बाइनमधली वाफ थंड करायला अखंड पाणी लागतं. मुंबई आणि गुजरात दोन्हीकडे वीज नेता येईल अशी ही मधली जागाही होती. परदेशी तंत्रज्ञ आले, बोईसरजवळ कर्मचाऱ्यांची वसाहत झाली. देशाच्या कानाकोपऱ्यांतली माणसं तिथे राहायला आली आणि बोईसरचा बाजार बदलला.

१९७४ च्या पोखरणच्या चाचणीनंतर अमेरिकेने इंधनाचा हात आखडता घेतला. तारापूरच्या या दोन भट्ट्यांना समृद्ध युरेनियम लागतं आणि ते भारताकडे नव्हतं. १९८२ मध्ये तोडगा निघाला आणि फ्रान्सने इंधन द्यायचं कबूल केलं. पुढे चीन आणि रशियाकडूनही ते आलं. पालघर तालुक्यातल्या एका किनाऱ्यासाठी वॉशिंग्टन, पॅरिस आणि दिल्ली यांच्यात वर्षानुवर्षं खलिते फिरत होते. २००५ आणि २००६ मध्ये प्रत्येकी ५४० मेगावॉटच्या, भारतातच आखलेल्या दोन नव्या भट्ट्या सुरू झाल्या.

या नव्या भट्ट्यांची किंमत अक्करपट्टी आणि पोफरण या दोन गावांनी दिली. अणुकेंद्राभोवती १.६ किलोमीटरच्या टापूत माणसांनी राहायचं नाही, असा नियम होता. गावं उठवावी लागली. कोर्टकचेऱ्या झाल्या, मुदती वाढल्या आणि शेवटी घरं पाडली गेली. पुनर्वसन झालं ते समुद्रापासून आत. शेतकऱ्याला जमिनीऐवजी पैसा मिळाला तर तो निदान दुसरीकडे जमीन शोधू शकतो, पण ज्याची होडी घरामागच्या वाळूवर उभी असायची त्याला आत नेऊन घराचा भूखंड दिला तर त्याचा धंदा कुठे उभा राहणार? पोफरण-अक्करपट्टीच्या लोकांची गाऱ्हाणी वीस वर्षांनंतरही मिटलेली नाहीत, याचं मूळ इथे आहे. त्यापलीकडच्या टापूतही नवी मोठी वस्ती वाढू द्यायची नाही, असं धोरण आहे. घिवलीसारख्या गावाच्या वाढीवर त्याचा थेट परिणाम होतो. सोळा किलोमीटरच्या परिघात आणीबाणीची आखणी केलेली असते आणि अधूनमधून रंगीत तालीम होते. २०१८ च्या अखेरीपासून डहाणू-तलासरीत भूकंपाचे धक्के बसू लागले तेव्हा प्रत्येक धक्क्यानंतर पहिला फोन तारापूरच्या नातेवाइकाला जायचा.

फ्रान्सचं एक उदाहरण इथे आठवतं. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर फ्लामाँव्हिल नावाचं दीड-दोन हजार वस्तीचं खेडं आहे. तिथे शेती, ग्रॅनाइटच्या खाणी आणि समुद्राखाली गेलेली लोखंडाची खाण होती. ती खाण १९६२ मध्ये बंद पडली आणि गावातली रोजी गेली. फ्रान्समध्ये असे सुमारे पस्तीस हजार ‘कम्यून’ आहेत, आपल्या ग्रामपंचायतीच्या जवळ जाणारे, बहुतेक हजाराच्या आतल्या वस्तीचे, आणि प्रत्येकाला आपला महापौर. अणुकेंद्राचा प्रस्ताव आला तेव्हा १९७५ मध्ये फ्लामाँव्हिलच्या गावकऱ्यांचं मत घेण्यात आलं. बहुमत केंद्राच्या बाजूने पडलं. विरोधकही मोठ्या संख्येने होते आणि पुढे आंदोलनंही झाली. १९८० च्या दशकात तिथे दोन भट्ट्या सुरू झाल्या, तिसरी बरीच रखडून डिसेंबर २०२४ मध्ये वीजजाळ्याला जोडली गेली. केंद्राकडून मिळणाऱ्या स्थानिक करांनी त्या खेड्याचा आणि शेजारच्या गावांचा चेहरामोहरा बदलला. तारापूर, घिवली, पोफरणला असं मत कोणी विचारलं नव्हतं. तो काळ वेगळा होता, देश नुकता उभा राहत होता, हे खरं. पण आजही या किनाऱ्यावरच्या ग्रामसभेचं म्हणणं मोठ्या प्रकल्पाच्या कागदांत शेवटच्या पानांवर सापडतं.

औद्योगिक वसाहत १९७० च्या दशकापासून वाढत गेली. हजाराहून अधिक कारखाने, त्यात रसायनं, रंग, औषधं, पोलाद, कापड. सूर्या नदीवरच्या धामणी धरणाचं पाणी तिकडे येतं. ज्या आदिवासी शेतकऱ्यांसाठी तो सिंचन प्रकल्प आखला होता, त्यांना आता वसई-विरार आणि मीरा-भाईंदरकडे जाणाऱ्या नळांशीही वाटणी करावी लागते. रोजगार मिळाला, हे कोणी नाकारत नाही. बोईसरची वस्ती २०११ च्या जनगणनेत ३६ हजारांवर गेली. पण सांडपाणी नवापूरच्या समुद्राकडे गेलं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मोजणीत देशातल्या सगळ्या औद्योगिक पट्ट्यांत तारापूर ९३.६९ गुणांसह प्रदूषणात पहिलं आलं. अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने २०१६ मध्येच राष्ट्रीय हरित लवादाचं दार ठोठावलं होतं. पाण्याचे नमुने, मासळीचा घटता उतारा, खाड्यांचा बदललेला रंग हे सगळं कागदावर आणून लढणारी ही मच्छीमार मंडळी. ज्यांचं शिक्षण जाळ्यावर झालं, त्यांनी रसायनशास्त्राचे अहवाल वाचायला शिकून घेतले. त्या लढ्याबद्दल या किनाऱ्याबाहेर फार कमी बोललं जातं.

गावातली तरुण पिढी आता गाडीच्या वेळापत्रकावर जगते. एप्रिल २०१३ मध्ये लोकल डहाणू रोडपर्यंत आली आणि चर्चगेट थेट जोडलं गेलं. पहाटे तारापूरहून एसटी किंवा रिक्षाने बोईसर, तिथून लोकल, मेमू किंवा फ्लाइंग राणी. विरार-अंधेरीपर्यंत रोज ये-जा करणारे इथे पुष्कळ. त्याच गाड्यांच्या डब्यांत पहाटे मासळीच्या टोपल्याही चढतात. बाकीचे एमआयडीसीतल्या पाळ्यांवर जातात. बापाची होडी भाड्याच्या खलाशांवर चालते आणि मुलगा औषधांच्या कारखान्यात तपासनीस आहे, असं घर इथे आता नवलाचं राहिलेलं नाही.

आणि उत्तरेला, चिंचणीपासून किनाऱ्याने थोडं पुढे, वाढवण. तिथे बंदराचा पहिला प्रयत्न झाला तेव्हा १९९८ मध्ये न्यायमूर्ती धर्माधिकारींच्या अध्यक्षतेखालच्या डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने नकार दिला होता. पुढे प्राधिकरणाने २०२३ मध्ये मंजुरी दिली, जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटींच्या प्रकल्पाला हिरवा कंदील दाखवला आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली. चौदाशेहून अधिक हेक्टर समुद्रात भराव पडणार आहे. देशाला खोल पाण्याचं बंदर हवं, हे म्हणणं समजण्यासारखं आहे. वरोर, वाढवण, चिंचणी, तारापूर, धाकटी डहाणूच्या मच्छीमारांचा प्रश्नही तितकाच साधा आहे: आमची कव कुठे जाणार?

तारापूरच्या होडीपुढचं पाणी त्यांच्या नजरेने पाहिलं तर चित्र असं दिसतं. दक्षिणेला अणुकेंद्राचा सुरक्षित पट्टा, तिथे फिरकायचं नाही. त्याच्याही खाली नवापूरसमोर सांडपाण्याची वाहिनी. उत्तरेला येऊ घातलेलं बंदर आणि त्याच्या जहाजांचा मार्ग. आणखी बाहेर मोठ्या यांत्रिक बोटी आणि दुसरीकडून आलेल्यांच्या कवी. यात डोल जाळ्याला किती जागा उरते, कोणत्या गावाच्या किती कवी जातात आणि किती राहतात, हे खांबागणिक मोजून, समुद्राच्या नकाशावर उतरवून, मराठीत छापून या किनाऱ्यावरच्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावायला हवं. भरपाईची बोलणी त्यानंतर सुरू करावीत.